ई-सिगारेट आणि शासनाची सावधगिरी : एका युक्तिवादाची चिकित्सा

१

नव्या वस्तूविषयी शासन सावधगिरीने वागते, असे म्हटले म्हणजे त्या वागण्याचे स्पष्टीकरण झाले, असा समज राज्यकारभारविषयक लेखनात बराच रूढ आहे. वस्तुतः सावधगिरी हे स्पष्टीकरण नव्हे. ज्या वर्तनाची मीमांसा करावयाची आहे त्यालाच दिलेले ते एक नाव आहे. हे नाव गौरवाचे असल्यामुळे त्यामागील कारणे तपासण्याची गरज कोणास वाटत नाही, आणि निर्णय योग्य होता की अयोग्य हा मूळ प्रश्न बाजूला राहतो.

ई-सिगारेटच्या नियमनाचा गेल्या दोन दशकांतील इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यसंस्थेने २०१५ साली धूम्रपान सोडण्याचे एक साधन म्हणून ह्या वस्तूला अनुकूलता दर्शविली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली तिला तंबाखूविषयक कायद्याच्या कक्षेत आणून पूर्वपरवानगीची अट घातली. भारताने २०१९ साली तिच्यावर संपूर्ण बंदी घातली. ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून निकोटीनयुक्त ई-सिगारेट डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळू नये अशी व्यवस्था केली. ह्या चारही शासनांपुढे असलेला शास्त्रीय पुरावा बहुतांशी एकच होता. प्रयोगशाळेतील निष्कर्ष देशाची सीमा ओलांडताना बदलत नाहीत. तरीही निर्णय चार प्रकारचे झाले, आणि त्या चारही निर्णयांच्या समर्थनार्थ सावधगिरीचाच आधार घेण्यात आला. ज्या शब्दाने परवानगीचेही समर्थन होते आणि बंदीचेही होते, तो शब्द दोन्ही ठिकाणी एकाच अर्थाने वापरला गेला असणे शक्य नाही.

ह्यावरून जे अनुमान निघते ते असे : सावधगिरी हे पुराव्याचे मोजमाप नव्हे. आपल्या हातून कोणती चूक झाली तर ती सोसता येईल आणि कोणती झाली तर सोसता येणार नाही, ह्याविषयी शासनाने केलेली ती निवड आहे. ही निवड उघडपणे मांडली तर तिची चिकित्सा होऊ शकते. सावधगिरीच्या नावाखाली झाकली तर होऊ शकत नाही. शासने ह्या प्रकरणी कचरतात ती का, आणि त्या कचरण्याचा कोणता भाग समर्थनीय व कोणता नव्हे, ह्याचा विचार ह्याच भूमिकेवरून करावयास हवा.

२

कचरण्याचे पहिले कारण वैद्यकीय नसून विधिविषयक आहे. विडीत किंवा सिगारेटीत तंबाखू जळतो, आणि धूम्रपानाने होणाऱ्या हानीचा फार मोठा भाग ह्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या डांबरासारख्या द्रव्यांमुळे व विषारी वायूंमुळे होतो. ई-सिगारेटीत ज्वलन नसते. बॅटरीवर तापणाऱ्या तारेने प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन ह्यांच्या मिश्रणाची वाफ केली जाते. त्या मिश्रणात बहुधा निकोटीन व स्वादद्रव्ये असतात. अशा जातीच्या साधनाचे एकस्व अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट ह्याला १९६५ मध्येच मिळाले होते. परंतु त्याचा व्यापार झाला नाही. आज प्रचलित असलेले साधन चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक ह्याने २००३ च्या सुमारास सिद्ध केले, आणि पुढील चारपाच वर्षांत ते युरोप व अमेरिका येथील बाजारांत पोचले.

ही वस्तू कायद्याच्या कोणत्या कोठारात ठेवावयाची? ती औषध मानली, तर तिची सुरक्षितता व गुणकारिता सिद्ध केल्यावाचून विक्री करता येणार नाही. पण विकणारा ती औषध म्हणून विकतच नाही. ती तंबाखूचा पदार्थ मानली, तर तिच्यात तंबाखूचे पान नाही, केवळ बहुधा त्यापासून काढलेले निकोटीन आहे. ती साधी उपभोग्य वस्तू मानली, तर व्यसन लावणारे द्रव्य शाळकरी मुलाच्या हाती देण्यास कायद्याची आडकाठी उरत नाही.

अमेरिकेचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००० साली अन्न व औषध प्रशासनाला तंबाखूच्या नियमनाचा अधिकारच नाही असा निर्णय दिला होता. तो अधिकार काँग्रेसने २००९ च्या कायद्याने दिला. त्याच सुमारास प्रशासनाने ई-सिगारेट हे औषधाचे उपकरण आहे असे मानून आयात माल अडविण्यास प्रारंभ केला होता. व्यापारी न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०१० मध्ये अपील न्यायालयाने ठरविले की, रोगोपचाराचा दावा केलेला नसेल तर ही वस्तू औषध म्हणून नव्हे, तंबाखूचा पदार्थ म्हणूनच नियमनाखाली येऊ शकेल. पण २००९ च्या कायद्यात तिचे नाव नव्हते. तिला त्याच्या कक्षेत ओढण्यासाठी स्वतंत्र नियम करावा लागला. त्या नियमाचा मसुदा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि नियम अमलात आला तो ऑगस्ट २०१६ मध्ये. मधल्या काळात व्यापार वाढत राहिला. ह्या विलंबाला सावधगिरी म्हणणे म्हणजे रिकाम्या खुर्चीला संयमी म्हणण्यासारखे आहे. येथे शासन विचारपूर्वक थांबले नव्हते. त्याच्या हाती कायदाच नव्हता.

युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने मधला मार्ग काढला. औषधी दावा असेल तर औषधाचा कायदा; नसेल तर निकोटीनचे प्रमाण एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नाही, साधनातील टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी नाही, आणि पुनर्भरणाची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नाही. ह्या मर्यादांपैकी प्रत्येक मर्यादा वादग्रस्त ठरू शकते. परंतु त्या लिहिलेल्या आहेत, मोजता येतात आणि बदलता येतात. नियमनाच्या दृष्टीने हा गुण लहान नव्हे.

३

दुसरे कारण स्मृतीचे आहे, आणि ते पहिल्याहून अधिक बलवान आहे. 'कमी हानिकारक' हे अभिवचन तंबाखूच्या व्यापाराने ई-सिगारेटच्या निमित्ताने प्रथमच दिलेले नाही.

१९५० साली डॉल व हिल ह्यांनी इंग्लंडमध्ये, आणि वाइंडर व ग्रॅहॅम ह्यांनी अमेरिकेत, धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध दाखविणारे अभ्यास प्रसिद्ध केले. व्यापाराने त्यावर दिलेले उत्तर म्हणजे फिल्टर. १९५२ मध्ये 'केंट' ह्या नावाने बाजारात आलेल्या सिगारेटच्या फिल्टरची आरोग्यरक्षक म्हणून जाहिरात झाली. त्या फिल्टरमध्ये १९५६ पर्यंत ॲस्बेस्टॉस वापरले जात होते. पुढे 'लाइट' व 'माइल्ड' सिगारेटी आल्या. यंत्राने मोजले असता त्यांतून डांबर कमी निघे. परंतु मनुष्य यंत्राप्रमाणे धूम्रपान करीत नाही. तो अधिक खोल झुरके घेतो, अधिक सिगारेटी ओढतो, फिल्टरवरील हवेची छिद्रे बोटांनी झाकतो, आणि आपल्या शरीराला हवे तितके निकोटीन मिळवितो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात ह्या सिगारेटींमुळे सार्वजनिक आरोग्याचा लाभ झाल्याचा ग्राह्य पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. २००६ मध्ये तेथील संघीय न्यायाधीश ग्लॅडिस केसलर ह्यांनी मोठ्या तंबाखू कंपन्यांनी जनतेची दीर्घकाळ फसवणूक केल्याचा निर्णय दिला. 'लाइट', 'माइल्ड' इत्यादी शब्दांवर तेथे प्रत्यक्ष बंदी आली ती २०१० मध्ये.

पहिल्या फिल्टरपासून ह्या बंदीपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. एका चुकीच्या आश्वासनाला बाजारात शिरण्यास काही महिने पुरले आणि बाहेर काढण्यास दोन पिढ्या लागल्या, हा तो अनुभव आहे. त्यात भर अशी की, ई-सिगारेटचा व्यापार आरंभी लहान व्यापाऱ्यांच्या हाती असला तरी तो तसा राहिला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये आल्ट्रिया ह्या सिगारेट कंपनीने जूल ह्या ई-सिगारेट कंपनीतील ३५ टक्के भाग १२.८ अब्ज डॉलर देऊन विकत घेतला. ज्याने पूर्वी फसविले तोच पुन्हा दारात उभा असल्यावर घरधन्याने दार किलकिलेच ठेवावे, ह्यात अस्वाभाविक काही नाही.

तथापि ह्या युक्तिवादालाही मर्यादा आहे. 'लाइट' सिगारेटीत तंबाखू जळतच होता. ई-सिगारेटीत तो जळत नाही. पूर्वीचा दावा खोटा होता म्हणून आजचा दावा खोटा ठरत नाही. तो अधिक कसोशीने तपासला पाहिजे एवढेच सिद्ध होते. स्मृती ही तपासणीचे कारण होऊ शकते, तपासणीचा पर्याय होऊ शकत नाही. ज्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स ह्या संस्थेने १९६२ च्या आपल्या प्रसिद्ध अहवालाने ब्रिटनला धूम्रपानाविषयी जागे केले, त्याच संस्थेने २०१६ च्या अहवालात ई-सिगारेटची दीर्घकालीन हानी धूम्रपानाच्या हानीच्या ५ टक्क्यांहून अधिक असण्याचा संभव नाही असे मत दिले. स्मृती दोघांनाही होती. निष्कर्ष मात्र त्यांनी निरनिराळे काढले.

४

तिसरे कारण प्रश्नाच्या गाभ्याशी भिडते. ई-सिगारेट ही एक वस्तू असली तरी तिच्यापुढे उभे असलेले लोक दोन प्रकारचे आहेत. एक, वर्षानुवर्षे धूम्रपान करणारा प्रौढ. दुसरा, कधीही धूम्रपान न केलेला किशोर. पहिल्याने सिगारेट टाकून पूर्णपणे ई-सिगारेट घेतली तर त्याची हानी कमी होते. दुसऱ्याने ती घेतली तर जेथे शून्य होते तेथे व्यसन निर्माण होते.

दोन्ही बाजूंचा पुरावा भक्कम आहे. इंग्लंडमधील ८८६ व्यक्तींवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, एक वर्षानंतर धूम्रपानापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण ई-सिगारेट घेणाऱ्यांत १८.० टक्के, तर निकोटीनच्या पट्ट्या, गोळ्या इत्यादी रूढ साधने घेणाऱ्यांत ९.९ टक्के आढळले. कॉक्रन संस्थेच्या पुढील पुरावा-परीक्षणांनीही हीच दिशा दाखविली. परंतु त्याच चाचणीतील दुसरा आकडा तितकाच महत्त्वाचा आहे : वर्षअखेर धूम्रपान सोडलेल्यांपैकी पहिल्या गटातील ८० टक्के लोक ई-सिगारेट ओढतच होते, दुसऱ्या गटात नेमून दिलेले साधन चालू ठेवणारे केवळ ९ टक्के होते. सिगारेट सुटली, निकोटीन सुटले नाही. ह्याला यश म्हणावयाचे की अर्धे यश, हे आकडा सांगत नाही. ते मूल्यांचा विचार केल्यावाचून ठरत नाही.

दुसऱ्या बाजूस, अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीनुसार माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील ई-सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण २०१७ मध्ये ११.७ टक्के होते. ते २०१८ मध्ये २०.८ आणि २०१९ मध्ये २७.५ टक्के झाले. ह्या वाढीच्या उंबरठ्यावरच, २०१७ च्या उन्हाळ्यात, प्रशासनाने कंपन्यांना परवानगीचे अर्ज करण्यासाठी २०२२ पर्यंत मुदत वाढवून दिली होती. न्यायालयाच्या आदेशाने ती पुढे सप्टेंबर २०२० वर आणावी लागली. २०२४ पर्यंत हेच प्रमाण ७.८ टक्क्यांवर उतरले.

अमेरिकन कायद्याची कसोटी ह्या दुहेरीपणाची जाणीव ठेवून रचलेली आहे. नव्या पदार्थास परवानगी देताना, आज व्यसन असलेले किती लोक ते सोडतील आणि आज नसलेले किती लोक ते धरतील, ह्या दोहोंचा विचार करून एकंदर लोकसंख्येच्या आरोग्यास तो पोषक आहे की नाही हे ठरवावे, असे ती सांगते. कसोटी न्याय्य आहे, पण तिच्यात एक अडचण आहे : दोन्ही संख्या भविष्यकाळातील आहेत. लक्षावधी उत्पादनांसाठी आलेल्या अर्जांपैकी मोजक्याच उत्पादनांना आजवर परवानगी मिळाली. पहिली परवानगी ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळाली. गोड स्वादांच्या उत्पादनांना नकार देण्याच्या प्रशासनाच्या पद्धतीला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये एकमताने अमान्य केले. कायद्याच्या दृष्टीने सावधगिरीचा विजय झाला. पण परवाना नसलेला माल ह्या संपूर्ण काळात दुकानांत मिळतच होता. परवानगी नाकारणारे शासन आणि विक्री थांबवू न शकणारे शासन एकच असले, म्हणजे सावधगिरी कागदावर राहते.

५

पुराव्याचा उपयोग शासने कशा रीतीने करतात, ह्याची दोन उदाहरणे परस्परविरुद्ध दिशांची असल्यामुळे एकत्र पाहणे इष्ट होईल.

पहिले उदाहरण '९५ टक्के कमी हानिकारक' ह्या प्रसिद्ध आकड्याचे आहे. २०१५ च्या इंग्रजी अहवालाने तो प्रचलित केला. त्याचा एक प्रमुख आधार म्हणजे २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक निबंध. डेव्हिड नट ह्यांच्यासह काही तज्ज्ञांनी एकत्र बसून निकोटीनयुक्त १२ पदार्थांना हानीच्या १४ निकषांवर गुण दिले होते. बहुतेक पदार्थांच्या बाबतीत बहुतेक निकषांवर ठोस पुरावा उपलब्ध नाही, हे त्या निबंधातच मान्य केलेले होते. अर्थात तो आकडा मापन नव्हता. जाणकारांचा अंदाज होता. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाने त्याच वर्षी संपादकीयातून ह्या पायाच्या कच्चेपणावर टीका केली. ई-सिगारेट सिगारेटीपेक्षा पुष्कळ कमी हानिकारक आहे हा गुणात्मक निष्कर्ष रसायनशास्त्राच्या आधारे टिकतो. परंतु 'पुष्कळ' ह्या शब्दाच्या जागी '९५' हा अंक बसविला की अंदाजाला मापनाची प्रतिष्ठा मिळते. धोरणाला ह्या अंकाची गरज होती, आणि ती गरजच त्याच्या प्रसिद्धीचे कारण आहे.

दुसरे उदाहरण २०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत उद्भवलेल्या फुप्फुसविकाराचे आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत त्या विकाराचे २,८०७ रुग्ण रुग्णालयांत दाखल झाल्याची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली. वृत्तपत्रांनी तो ई-सिगारेटचा रोग म्हणून जगभर पोचविला. शोधाअंती त्याचा मुख्य संबंध गांजातील मादक द्रव्य असलेल्या, बहुधा अनधिकृत मार्गाने आलेल्या द्रवांतील 'व्हिटॅमिन ई ॲसिटेट' ह्या भेसळीशी असल्याचे आढळले. सामान्य निकोटीनयुक्त ई-सिगारेट त्याचे प्रमुख कारण नव्हती. परंतु पहिली भीती जितक्या वेगाने पसरली तितक्या वेगाने हा खुलासा पसरला नाही.

एका ठिकाणी अनुकूल अंदाज प्रमाण मानला गेला, दुसऱ्या ठिकाणी प्रतिकूल घटना. दोन्ही ठिकाणी दोष एकच : निष्कर्ष आधी ठरला आणि पुरावा त्याच्या सोयीने उचलला गेला. खऱ्या सावधगिरीची पहिली अट अशी की, ती आपल्या मताला अनुकूल असलेल्या पुराव्याविषयीही सावध असते.

६

भारतातील निर्णय ह्या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेत संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात त्याचे कायद्यात रूपांतर झाले. त्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात हे गुन्हे ठरले. साठवणीखेरीज इतर बाबतींत पहिल्या अपराधास १ वर्षापर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि नंतरच्या अपराधास ३ वर्षांपर्यंत कारावास व ५ लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. केवळ ओढणे हा गुन्हा नाही.

ह्या निर्णयावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, अधिक घातक असलेली सिगारेट व विडी विकण्यास मोकळीक ठेवून कमी घातक वस्तूवर बंदी घालणे विसंगत आहे. आक्षेप वजनदार आहे, परंतु तो इंग्लंडच्या परिस्थितीतून उचललेला आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू पाहणीनुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत धूम्रपान करणारे १०.७ टक्के, तर चघळणे, दातांना लावणे इत्यादी धूररहित प्रकारांचे सेवन करणारे २१.४ टक्के होते. धूम्रपानातही विडीचे प्रमाण ७.७ टक्के आणि सिगारेटीचे ४ टक्के. महाराष्ट्रात हे अंतर अधिकच तीव्र आहे : धूररहित तंबाखू २४.४ टक्के, धूम्रपान केवळ ३.८ टक्के. ज्या स्त्रीची सवय मिश्रीची आहे किंवा ज्या मजुराची सवय चुना मळलेल्या तंबाखूची आहे, त्यांना ई-सिगारेट कशाचा पर्याय म्हणून द्यावयाची? विडी ओढणाऱ्याला तर तिची किंमतच परवडणारी नाही. इंग्लंडमध्ये जो लाभ दाखविता येतो तो येथे फार थोड्या, आणि बहुधा शहरी व सुस्थित, लोकांपुरता राहतो. धोका मात्र सर्व शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोचू शकतो. ह्या हिशोबाने भारतीय शासनाची निवड निराधार म्हणता येत नाही. दोष निवडीत नसून ती ज्या रीतीने मांडली गेली त्या रीतीत आहे : वस्तू घातक आहे म्हणून बंदी, असे सांगितले गेले, आपल्या देशात तिचा लाभ अल्प व धोका व्यापक आहे म्हणून बंदी, हे अधिक खरे कारण मागे राहिले.

आक्षेपाचा उरलेला भाग मात्र कायम राहतो, आणि तो अधिक गंभीर आहे. जुन्या तंबाखूभोवती शासनाचे स्वतःचे हितसंबंध गुंतलेले आहेत. तंबाखूवरील कर हे उत्पन्नाचे साधन आहे; १९७५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले तंबाखू मंडळ ह्या व्यवसायाच्या विकासासाठीच आहे; सरकारी मालकीच्या आयुर्विमा महामंडळाचा देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत मोठा हिस्सा आहे. सोलापुरासारख्या शहरात सहस्रावधी स्त्रियांचे पोट विड्या वळण्यावर चालते. नव्या वस्तूभोवती असे कोणतेही जाळे विणले गेलेले नव्हते, म्हणून ती एका अध्यादेशाने थांबविता आली. मुळे रुजण्यापूर्वी रोप उपटावे, हा ह्या बंदीच्या बाजूचा उत्तम युक्तिवाद आहे. पण तोच युक्तिवाद असेही कबूल करतो की, शासनाची सावधगिरी हानीच्या प्रमाणात नव्हे, विरोधाच्या प्रमाणात चालते. जेथे विरोध दुबळा तेथे बंदी, जेथे तो प्रबळ तेथे वेष्टनावरील इशारा.

बंदी घालणे आणि ती अमलात आणणे ह्यांतील अंतर महाराष्ट्राला नवे नाही. राज्याने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. त्यानंतरही शेजारच्या राज्यांतून येणारा माल पकडला जात राहिला, आणि वेगवेगळ्या पुड्यांतील सुपारी व तंबाखू एकत्र करून बंदीला वळसा घालण्याची युक्तीही निघाली. ई-सिगारेट आकाराने त्याहून लहान आणि किमतीने मोठी आहे. तिचा चोरटा व्यापार त्यामुळे अधिकच सोपा होतो. बंदी असलेल्या वस्तूत काय मिसळले आहे हे तपासण्याचे शासनाला साधन राहत नाही, आणि २०१९ चा अमेरिकन अनुभव नेमका अशाच तपासणीविना आलेल्या मालाचा होता.

७

१९९२ च्या रिओ घोषणेत पर्यावरणाविषयी असे तत्त्व मांडले गेले की, गंभीर हानीचा धोका असेल तेथे पूर्ण शास्त्रीय निश्चिती नाही ह्या सबबीवर उपाय लांबणीवर टाकू नयेत. हे तत्त्व आरोग्याच्या क्षेत्रात आणताना एक भेद लक्षात ठेवावयास हवा. नदीत नवे रसायन न सोडल्याने नदीची बहुधा हानी होत नाही. धूम्रपान करणाऱ्याला कमी घातक पर्याय न दिल्याने मात्र त्याची हानी चालूच राहते. येथे काहीही न करणे हीदेखील एक कृती आहे, आणि तिचाही हिशोब द्यावा लागतो. शाबितीचा भार नव्या वस्तूवर टाकणे योग्यच. परंतु तो जुन्या वस्तूवरून पूर्णपणे उतरवून ठेवणे योग्य नव्हे.

म्हणून कोणत्याही शासनाच्या सावधगिरीला तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. ती वस्तूची तुलना कशाशी करीत आहे, स्वच्छ हवेशी की जळत्या सिगारेटीशी? ती कोणाच्या वाट्याला येणाऱ्या चुकीला अधिक भिते, किशोराच्या की प्रौढाच्या? आणि कोणता पुरावा पुढे आला तर ती आपले मत बदलील? ब्रिटनने पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट दिले. दुसऱ्याचे उत्तर त्याला उशिरा सुचले. धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या १० लाख लोकांना ई-सिगारेट पुरविण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर करणाऱ्या त्याच देशाला १ जून २०२५ पासून, मुलांत लोकप्रिय झालेल्या व कचऱ्याचा प्रश्न निर्माण करणाऱ्या, एकदाच वापरून टाकावयाच्या ई-सिगारेटींची विक्री बंद करावी लागली. अमेरिकेने दोन्ही प्रश्न कायद्यात लिहिले, पण उत्तर देण्यास इतका विलंब लावला की बाजारानेच ते देऊन टाकले. ऑस्ट्रेलियाने तिसऱ्या प्रश्नाची काही अंशी बूज राखली : चिठ्ठीची अट ऑक्टोबर २०२४ पासून प्रौढांपुरती शिथिल करून औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने मर्यादित विक्रीस मुभा दिली. भारताने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे दिले. पहिला टाळला आणि तिसऱ्याला कायद्यात जागाच ठेवली नाही.

भारतीय कायद्याची खरी उणीव ही शेवटची आहे. बंदी आज समर्थनीय असू शकते. परंतु ठरावीक कालानंतर तिचे फेरपरीक्षण व्हावे, तोपर्यंत विडी-सिगारेटीचे व धूररहित तंबाखूचे प्रमाण किती घटले हे पाहावे, धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्याला कोणता उपचार किती सुलभतेने मिळाला हे तपासावे, अशी कोणतीही तरतूद तिच्यात नाही. एका बाजूचे दार लावून घेतले असता दुसऱ्या बाजूची वाट रुंद करण्याचे कर्तव्य शासनावर येते. निकोटीनच्या गोळ्या, समुपदेशन आणि तंबाखू सोडण्याची केंद्रे ही त्या वाटेची साधने आहेत. ज्या राज्यात दर शंभर प्रौढांतील चोवीसांहून अधिक धूररहित तंबाखू घेताना आढळले, तेथे ती तालुक्याच्या गावापर्यंत पोचली तरच बंदीमागील चिंता प्रामाणिक होती असे म्हणता येईल. आपण काय थांबविले एवढेच सांगणारी सावधगिरी अर्धीच असते. जे थांबविले नाही त्याविषयीही ती उत्तरदायी असते.